मुंबईत जेवायला कुठे जायचं?

मे महिना किंवा दिवाळी जवळ आली की आमच्याकडे फोन सुरू होतात. "अगं, चार दिवस मुंबईला येतोय. राहायची सोय झालीये. जेवायला कुठेकुठे जायचं तेवढं लिहून पाठव ना." कधी नागपूरची मावसबहीण, कधी इंदूरचे काका, तर कधी परदेशातून तीन वर्षांनी उगवणारा भाचा. सगळ्यांना यादी हवी असते आणि मीही ती हौसेने करते. सकाळी इराण्याकडे ब्रून मस्का आणि चहा. दुपारी माटुंग्याला केळीच्या पानावर जेवण. संध्याकाळी दादरला थालीपीठ आणि पियूष. रात्री माशाची थाळी. एक दुपार काळबादेवीच्या गुजराती थाळीसाठी राखून ठेवायची, आणि ज्यांना चालतं त्यांनी एक रात्र भेंडीबाजारात नल्ली निहारी खायला जायचं.

"ज्यांना चालतं त्यांनी." हे तीन शब्द मी दरवर्षी सवयीने लिहिते. यंदा लिहिताना तिथेच अडकले. इराणी, उडुपी, गोमांतक, ब्राह्मणी, गुजराती हे सगळे शब्द आज आपण चवीचे प्रकार म्हणून वाचतो. पण ज्या काळात या पाट्या पहिल्यांदा लागल्या, तेव्हा त्या चवीपुरत्या नव्हत्या. आत कोण शिजवतंय, कोण वाढतंय, शेजारी कोण बसेल, आणि कुणी आत पाऊल टाकू नये, हे सगळं ती पाटी न सांगता सांगायची. परगावच्या माणसाला "चांगलं कुठे मिळतं?" हा प्रश्न पडायच्या आधी "आपल्याला कुठे चालेल?" हा प्रश्न पडायचा. आणि कित्येकांना तर "आपल्याला कोण वाढेल?" हा.

त्याबद्दल थोडं लिहिते. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा. :-)

सुरुवात पावापासून करू या. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा नावाची एक गुप्त मंडळी स्थापन झाली. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिच्या प्रमुखांपैकी एक. जातिभेद मोडणे हा उद्देश. तो मोडायचा कसा, तर जेवणातून. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं, अशी दीक्षा असे. आज वडापाव खाताना ज्याच्याकडे आपलं लक्षही जात नाही तो पाव दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी शपथेसारखा खाल्ला जात होता, आणि तोही दार लावून. १८६० मध्ये सभासदांची नावं असलेली कागदपत्रं बाहेर फुटली आणि मंडळी पांगली. एका पावाच्या तुकड्याने घर, नातेवाईक, मुलामुलींची लग्नं, सगळंच पणाला लागत होतं. पुढे यांतल्याच काही लोकांनी १८६७ मध्ये उघडपणे प्रार्थना समाज काढला.

मुंबई निदान मोठं शहर तरी होतं, गर्दीत लपता येत होतं. पुण्यात तेवढीही सोय नव्हती. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनच्या पाद्र्यांनी पुण्यातल्या प्रतिष्ठितांना व्याख्यानाला बोलावलं आणि नंतर चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी चहा प्यायला, कुणी नुसता पेला हातात घेतला. गोपाळराव जोश्यांनी (हो, आनंदीबाईंचे पती. हा गृहस्थ म्हणजे एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे) हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' मध्ये छापून टाकली. यादीत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, वादविवाद झाले, प्रायश्चित्तं झाली. एका कप चहासाठी! हायकोर्टाच्या पायरीपर्यंत पोचलेले रानडे आणि सरकारला न घाबरणारे टिळक यांनाही चहाचा हिशोब द्यावा लागला, यावरून बाकीच्यांचं काय होत असेल याचा अंदाज करावा.

आता असा एखादा पुण्याचा, साताऱ्याचा, रत्नागिरीचा माणूस कोर्टाच्या कामाला मुंबईला आला, तर तो जेवेल कुठे? पहिला पर्याय म्हणजे नातेवाईक. गिरगावातल्या चाळीत कुणाच्या तरी दोन खोल्या असायच्या आणि तिथे आधीच सात-आठ माणसं असली तरी गावचा माणूस आला की ताट वाढायचं. (आमच्या आजीच्या बिऱ्हाडी हे रोजचंच होतं. "पाहुणा आला की आमटीत तांब्याभर पाणी" हे तिचं ठरलेलं वाक्य.) नातेवाईक नसेल तर आपल्या लोकांनी चालवलेलं विश्रांतिगृह शोधायचं. क्रॉफर्ड मार्केटजवळचं सरदारगृह हे त्यातलं सगळ्यांत नामांकित. टिळक मुंबईत आले की तिथे उतरत. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचं देहावसान झालं ते याच सरदारगृहात. शाळेत ही तारीख आपण पाठ केलेली असते, पण देशभर प्रसिद्ध असलेला हा माणूस मुंबईत एका उतारूंच्या जागेत राहत होता, आणि ती जागा निवडण्यामागे जेवणाखाण्याची सोय हा साधा हिशोबही असणार, हे कधी डोक्यात येत नाही.

घरचं अन्न कामाच्या जागी पोचवणारे डबेवाले १८९० च्या सुमाराचे. हा योगायोग नव्हे. फोर्टात कारकुनी करणारा माणूस दुपारी बाहेर खाऊ शकत नव्हता, एक तर परवडत नव्हतं आणि दुसरं म्हणजे चालत नव्हतं. म्हणून घरचा स्वयंपाकच त्याच्या मागोमाग आगगाडीत बसून जायचा. डबेवाल्यांच्या व्यवस्थापनकौशल्याचं कौतुक करताना हे दुसरं कारण आपण सोडून देतो.

मग हळूहळू उपाहारगृहं आली. शब्द नीट पाहा. उपाहार म्हणजे फराळ. भात-वरण म्हणजे जेवण, त्याला सोवळं-ओवळं फार. तळलेलं, भाजलेलं, दूध-दह्याचं म्हणजे फराळ, तिथे जरा सैल चालायचं. म्हणून जुन्या मराठी उपाहारगृहांत बटाटेवडा, थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी, पियूष, दूध, खरवस अशा पदार्थांची रांग दिसते आणि वरणभात दिसला तरी उशिरा आलेला दिसतो. तुम्ही दादरला बसून जे "टिपिकल मराठी पदार्थ" खाता त्यांची निवड चवीने जितकी केली तितकीच सोवळ्याच्या नियमांनी केली, असं माझं मत आहे. चूक असेल तर काकालोकांनी कान पकडावा.

दादर स्टेशनासमोर १९१० साली सुरू झालेल्या मामा काण्यांच्या हॉटेलचं नाव होतं 'स्वच्छ उपाहारगृह'. आज "स्वच्छ" वाचलं की आपल्याला धुतलेल्या कपबशा आठवतात. त्या काळी तो शब्द वाचणाऱ्याला कपबशाही दिसत असतील आणि आतला स्वयंपाकी कोण आहे तेही कळत असेल. काणे हे आडनावच तेवढं पुरेसं होतं. रेल्वे स्टेशनांवर हिंदू आणि मुसलमानांची खानपानगृहं वेगळी, पाणीसुद्धा वेगळं, हा तोच काळ.

हीच पाटी दुसऱ्या बाजूने वाचणारा माणूसही होता. १९१७ साली, न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये शिकून परतलेले डॉ. आंबेडकर नोकरीसाठी बडोद्याला गेले. आगगाडीतून उतरल्यावर त्यांच्यापुढे प्रश्न होता तो पाहुण्याचाच: उतरायचं कुठे आणि खायचं कुठे? हिंदूंच्या हॉटेलांत जाता येणार नाही हे माहीत होतं. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. सकाळचा चहा आणि दोन वेळचं जेवण वर आणून दिलं जायचं, आणि एवढ्या मोठ्या रिकाम्या माळ्यावर ते एकटेच. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले पारशी लोक जिन्यावर आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणाले. कुणाकडेच सोय होईना. मग कामाठी बागेत बसून राहून रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. हे त्यांनी स्वतःच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवलंय. छोटंसं पुस्तक आहे, तासाभरात वाचून होतं. वाचा.

आणि मग भारताच्या राज्यघटनेचा पंधरावा अनुच्छेद काढून पाहा. त्याच्या दुसऱ्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या जागा यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्यावरून कुणालाही मज्जाव करता येणार नाही, असं स्पष्ट लिहिलंय. मूलभूत हक्कांच्या भारदस्त यादीत चक्क हॉटेलं! मला पूर्वी हे जरा विचित्रच वाटायचं. बडोद्याचा प्रसंग वाचल्यावर तो शब्द तिथे का आहे हे वेगळं कुणी समजावून सांगावं लागलं नाही. काळा घोड्याच्या 'वेसाइड इन' मध्ये आंबेडकर लिहीत बसत असत असं सांगतात. त्याच ठिकाणी पुढे अरुण कोलटकर दर गुरुवारी मित्रांबरोबर बसायचे. आता ते वेसाइड इन राहिलेलं नाही, नाहीतर माझ्या यादीत ते पहिलं असतं.

आता इराणी. आधी एक खुलासा: पारशी आणि इराणी दोघेही झरतुष्ट्राचे अनुयायी, पण मुंबईतले इराणी म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणच्या यझ्द आणि केरमान भागांतून आलेली मंडळी. हातात भांडवल थोडं, जात नाही, मुंबईत नातीगोती थोडी. रस्त्याच्या कोपऱ्यावरची दुकानं हिंदू व्यापारी अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. असेलही. पण चहाचं दुकान चालवणाऱ्याला कोपरा म्हणजे दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक, आणि दोन बाजूंनी उजेड-वारा. अशुभ कसलं, सोन्याची जागा!

धोबीतलावचं कयानी १९०४ चं, ग्रँट रोडचं मेरवान १९१४ चं, बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ चं. संगमरवरी टेबलं, काळ्या लाकडाच्या वाकवलेल्या खुर्च्या, भिंतीवर आरसे. हे आरसे शोभेइतकेच उपयोगाचे. गल्ल्यावर बसलेल्या मालकाला त्यातून सगळं हॉटेल दिसायचं. आणि भिंतीवर सूचना: केस विंचरू नका, जोरात बोलू नका, फार वेळ बसू नका. धोबीतलावच्या बस्तानीतल्या अशा पाटीवर निसीम इझिकेल यांनी इंग्रजी कविता केली. बस्तानी २००४ मध्ये बंद पडलं, कविता राहिली.

त्या सूचनांची आपण थट्टा करतो, पण त्यात काय नाही ते बघा. काय करू नये याची एवढी लांबलचक यादी, आणि "कोण येऊ नये" याबद्दल एक ओळ नाही. बडोद्याचा प्रसंग डोळ्यांसमोर असताना इराण्यांना उगीच संत ठरवायची माझी तयारी नाही. त्यांना धंदा करायचा होता, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात चार आण्याचा चहा पिणाऱ्याची जात विचारत बसलं तर धंदा होत नाही. पण झालं असं की गिरणीतला जॉबर, ट्राम कंडक्टर, कॉलेजातला पोरगा, चळवळीतला कार्यकर्ता, बेकार कवी, सगळे एकाच दगडी टेबलाला टेकून एकाच भट्टीतला पाव चहात बुडवायला लागले. परमहंस सभेने दार लावून जे केलं ते इराण्याने रस्त्याच्या कोपऱ्यावर, आरशासमोर, रोज सकाळी करून दाखवलं. आणि कुणी प्रायश्चित्त घेतल्याचं ऐकिवात नाही.

(अवांतर: ब्रिटानियात जायचं तर बेरी पुलाव खा. तो १९२३ चा नाही, बराच नंतरचा. मालक बोमन कोहिनूर यांच्या पत्नी इराणमध्ये राहून आल्या, त्यानंतर तो इथे आला. बोमनशेठ २०१९ मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी गेले. राणीवर त्यांचा भारी जीव. टेबलाशी येऊन गप्पा मारत, लिंबूपाणी घ्याच म्हणून आग्रह करत. तो आग्रह आता यादीत लिहून उपयोग नाही.)

माटुंग्याची गोष्ट वेगळी. प्लेगनंतर, १८९८ मध्ये, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्याने पुढे दादर-माटुंग्याचे आखीव भाग वसवले. माटुंग्यात दक्षिणेकडून आलेले टंकलेखक, हिशेबनीस, कारकून स्थिरावले. त्यांच्या पोटापाण्यासाठी कॅफे मैसूर (१९३६), रामाश्रय (१९३९), कॅफे मद्रास (१९४०) अशी एकामागोमाग एक ठिकाणं उघडली. स्टेशनाला लागून असलेलं ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं. बोर्डिंग हा शब्द आता फक्त पाटीवर उरलाय, पण तेव्हा तो खरा होता. एकट्या राहणाऱ्या पुरुषांनी महिन्याचे पैसे भरायचे आणि दोन वेळा जेवून जायचं. काळबादेवीत गुजराती-मारवाडी पेढ्यांवरच्या मुनीम लोकांसाठी असल्याच व्यवस्थेला "क्लब" म्हणत. फ्रेंड्स युनियन जोशी क्लब हे नाव वाचून पाहुणे दचकतात, त्यांना वाटतं तिथे सभासदत्व लागतं की काय!

उडुपी या शब्दात कृष्णमठाचं स्वयंपाकघर आहे. शाकाहारी, देवळाच्या रीतीचं, बहुतेक ठिकाणी ब्राह्मण आचाऱ्याच्या हातचं. म्हणजे सोवळ्या माणसालाही चालण्यासारखं. पण दार रस्त्यावर उघडं, दर फळ्यावर लिहिलेले, आणि इडली जो पैसे देईल त्याला. इराण्याकडे न जाणारा सनातनी आणि ब्राह्मणांच्या उपाहारगृहात जायला बिचकणारा गिरणी कामगार, हे दोघे कुठे भेटले असतील तर उडुप्याकडे. ज्या सोवळ्याच्या आधारावर उडुप्याला सगळ्यांची मान्यता मिळाली, तेच सोवळं त्याच्या बाकड्यांवर मोडलं. यातली गंमत मला फार आवडते.

अर्थात परगावच्या माणसाने येऊन धंदा करावा हे सगळ्यांना रुचत नव्हतं. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली आणि पुढच्या काही वर्षांत "लुंगीवाल्यां"विरुद्धच्या आंदोलनात उडुपी हॉटेलांवर दगड पडले. त्याच १९६६ च्या आसपास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली असं मानतात, आणि तो वडापाव पुढे मराठी बाण्याचं निशाण बनला. पाव पोर्तुगीज वाटेने आलेला, बटाटा तसाच, मिरचीही तशीच. असो, ह.घ्या.

आता बायकांचं. मी वर ज्या ज्या गिऱ्हाइकांची नावं घेतली ते सगळे पुरुष होते, हे माझ्यासारखंच तुमच्याही लक्षात आलं असेल. बाईमाणसाने हॉटेलात बसणं ही फार उशिराची गोष्ट. इराण्याकडे आणि उडुप्याकडे "फॅमिली रूम" असायची. पडदा किंवा अर्ध्या उंचीचं लाकडी दार लावलेले कप्पे, कधी पोटमाळ्यावर. आजी मुंबईत चाळीस वर्षं राहिली आणि तिच्या सांगण्याप्रमाणे हॉटेलात दोनदा गेली, दोन्ही वेळा फॅमिली रूममध्ये, दोन्ही वेळा आजोबांबरोबर. तिने काय खाल्लं हे तिला आठवत नव्हतं. पडद्याचा रंग मात्र आठवत होता. हिरवा.

पण हॉटेलात न जाणाऱ्या याच बायकांच्या हातचं मुंबई खात होती. लालबाग, परळ, डिलाईल रोड, वरळी इथल्या गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेले पुरुष एकटे राहायचे. एका खोलीत वीस-पंचवीस जण, पाळीपाळीने झोपायचे, कारण कामही पाळ्यांत. बायकापोरं गावी. यांचं जेवण खाणावळीत. "खाणावळ" म्हटल्यावर तुम्हाला पाटी आणि बाकडी दिसत असतील तर ती पुसून टाका. खाणावळ म्हणजे चाळीतली दहा बाय बाराची खोली. तिथली बाई पहाटे उठून चूल किंवा स्टोव्ह पेटवणार आणि आपल्या संसाराबरोबर आणखी दहा-वीस माणसांच्या भाकरी थापणार. कामगार पाळी सुटली की येऊन जेवणार किंवा डबा नेणार. पैसे पगाराच्या दिवशी. बहुतेकदा माणसं आपल्याच मुलखातली, आपल्याच जातीजवळची, कारण तिथेही "चालतं का" हा प्रश्न होताच.

या धंद्याचा हिशोब भयंकर होता. कामगार महिनाभर उधार खाणार, म्हणून बाई वाण्याकडून महिनाभर उधार आणणार. वाणी उधारीवर भाव चढवणार. रोख पैसे लागले तर सावकार, त्याचं व्याज वेगळं, मंगळसूत्र गहाण. आणि संप झाला की? कामगाराला पगार नाही, म्हणून खाणावळीचे पैसे नाहीत. पण माणूस दारात ताटासाठी उभा. त्याला वाढायचं नाही म्हणता येत नाही. त्यातले कित्येक गावचे, दीर-भाच्यांच्या नात्यातले. १९७४ च्या मोठ्या गिरणी संपात या बायकांनी संपकऱ्यांना जेवू घातलं. संपाचे इतिहास वाचले तर त्यात पुढारी सापडतात, मागण्या सापडतात, गोळीबार सापडतात. संपभर भाकरी कुणी थापली हे शोधावं लागतं.

ते प्रेमाताई पुरव यांनी पाहिलं होतं. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या, मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमाताईंनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. राष्ट्रीयीकृत बँकांनी गरिबांना कर्ज द्यावं असं सरकार सांगत होतं, मग खाणावळवालीला का नको? तारण म्हणून द्यायला तिच्याकडे काही नव्हतं, एकमेकींची हमी होती. पहिल्यांदा कर्ज मिळालं ते चौदा बायकांना. बँकेत पाऊल टाकायचीही त्यांची पहिलीच वेळ. कर्ज फिटलं, मग आणखी बायका आल्या, आणि पुढे हा आकडा हजारांत गेला. घरातला स्वयंपाक म्हणजे कामच नव्हे असं मानणाऱ्या व्यवस्थेला तो धंदा आहे हे मान्य करायला लावलं, हे मला त्यातलं सगळ्यांत मोठं काम वाटतं. २००२ मध्ये प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. तो मिटला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. हजारो कामगार गावी निघून गेले. त्यांच्या बरोबर खाणावळींचं गिऱ्हाईक गेलं आणि उधारीच्या वह्यांत राहिलेले पैसेही गेले. गिरण्यांच्या जागी आता मॉल आणि काचेचे मनोरे आहेत. तिथल्या रेस्टॉरंटांची नावं भाचा मला सांगतो, मी त्याला काय सांगणार!

तेव्हा यादीत मी माशाची थाळी लिहिते ती याच रस्त्याच्या आसपासची. लालबाग, परळ, दादर, माहीम. गोमांतक, मालवणी, लंच होम अशी नावं असतील. सुक्या खोबऱ्याचं वाटण, तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी, तांदळाची भाकरी, वाटीभर सोलकढी, कोपऱ्यात सुकटीची चटणी. हे जेवण कुठल्याही शेफने शोधून काढलेलं नाही. कामगार गावाकडून परत येताना पिशवीतून कोकम, तिरफळ, सुकी मासळी आणायचा आणि खाणावळवाली त्याचं कालवण करायची. आता वर पंखा आहे, हातात छापील मेनू आहे आणि सुरमईचा भाव विचारू नका. खिडकीतून आत डोकावलात तर बऱ्याच ठिकाणी आत भाकरी थापणारी बाईच दिसेल. वाढायला पुरुष असतात.

गिरगावातल्या खोताच्या वाडीतलं अनंताश्रम मात्र बंद झालंय, जुन्या माहितीवर विसंबून कुणी तिथे जाऊ नका. तिथे गिऱ्हाइकाचं स्वागत वगैरे भानगड नव्हती. मासे संपले की "संपलं" म्हणायचे आणि दार लावून घ्यायचे. तरी लोक रांगा लावायचे.

आणि हो, माशांसाठी शनिवार-रविवार टाळा, तासभर उभं राहावं लागेल. सोमवार, गुरुवार नाहीतर संकष्टी गाठा. त्या दिवशी अर्ध्या दादरला चालत नाही, लगेच जागा मिळते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा येणार असाल तर आधी फोन करा, मी दुसरी यादी पाठवीन.